बिश्केकचा हिवाळा आणि आपली मुलं

सातपाटीत थंडी पडली असं आपण म्हणतो, तेव्हा पारा पंधरा-सोळा अंशांवर आलेला असतो. पहाटे बंदरावर जाणारी मंडळी कानटोपी घालतात, कुठे शेकोटी पेटते. नऊ वाजेपर्यंत ऊन तापतं आणि थंडी संपते. अशा गावातली एखादी मुलगी बारावी झाली, नीट परीक्षा पात्र झाली आणि वैद्यकीय शिक्षणासाठी किरगिझस्तानातल्या बिश्केकला निघाली, असं समजा. घरचे फी विचारतात, वसतिगृह विचारतात, भारतीय जेवण मिळेल का तेही विचारतात. हिवाळ्याबद्दल विचारायचं मात्र राहून जातं. मुलगी सप्टेंबर-ऑक्टोबरात पोहोचते आणि दोन-अडीच महिन्यांत तिच्यासमोर उणे दहा अंश उभे राहतात.

दहा हजारांहून अधिक भारतीय विद्यार्थी आज किरगिझस्तानात शिकतात. त्यांत महाराष्ट्रातली मुलंही बरीच आहेत. म्हणून हा हिवाळा नेमका कसा असतो, ते समजून घेऊ.

बिश्केक समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर आहे. १९९१ पर्यंत त्याचं नाव फ्रुंझे होतं. शहराच्या दक्षिणेला तिएनशान पर्वताची आला-तू रांग भिंतीसारखी उभी आहे. तिची शिखरं साडेचार हजार मीटरच्या वर जातात. समुद्र मात्र दोन हजार किलोमीटर दूर. इथेच सगळी मेख आहे. पाणी सावकाश तापतं आणि सावकाश निवतं. आपला समुद्र दिवसाची उष्णता साठवतो आणि रात्री परत देतो, म्हणून सातपाटीत थंडी आणि उन्हाळा दोन्ही बेताचे. बिश्केकला असं सांभाळणारं कोणी नाही. उन्हाळ्यात पारा पस्तिशीच्या पुढे जातो, जानेवारीत रात्री उणे दहापर्यंत उतरतो, आणि थंडीची लाट आली तर उणे वीसच्याही खाली.

या थंडीला तोंड कसं द्यायचं? त्याचं उत्तर आपल्या बोटींवरच आहे. पापलेटसाठी नेलेला बर्फ दिवसचे दिवस टिकतो, कारण खणाच्या भिंतीत हवा कोंडून ठेवणारा थर असतो. बाहेरची उष्णता आत येत नाही. कपड्यांचं काम तेच, फक्त उलट दिशेने: आतली ऊब बाहेर जाऊ द्यायची नाही. म्हणून एका जाड कोटापेक्षा तीन थर बरे. अंगालगत घाम शोषून बाहेर टाकणारा कपडा, त्यावर लोकर, सर्वांत वर वारा अडवणारं जाकीट. अंगालगत सुती बनियन नको. सूत घाम धरून ठेवतं आणि ओलं अंग लवकर गारठतं. कोट आणि बूट मुंबईत घेण्याची घाई करू नये. बिश्केकच्या दोर्दोय बाजारात त्या थंडीला साजेसे मिळतात. इथून थर्मल, लोकरीचे मोजे आणि कानटोपी नेली तरी पुरे.

बर्फ फोडणाऱ्याची बोटं बधिर होतात, हे आपल्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. तिथे हेच कान, नाक आणि पायांच्या बोटांना होतं. बोट पांढरं पडून संवेदना गेली, तर ते चोळू नये, शेगडीवर किंवा हीटरवर धरू नये. बधिर कातडीला भाजल्याचंही कळत नाही. कोमट पाण्यात बुडवावं आणि डॉक्टरांकडे जावं.

दुसरी गोष्ट चालण्याची. पडलेला बर्फ दिवसा थोडा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो आणि पदपथाची काच होते. शेवाळलेल्या धक्क्यावर आपण जसे चालतो, तसंच चालायचं: पावलं लहान, गुडघे किंचित वाकलेले, हात खिशाबाहेर. मनगट मोडलं की परीक्षेतला लिहिता हात गेला.

आता घराच्या आत येऊ. सोव्हिएत काळापासून बिश्केकमध्ये बऱ्याच इमारतींना एका मोठ्या औष्णिक केंद्रातून गरम पाणी मिळतं. ते नळांतून खोलीतल्या लोखंडी पट्ट्यांमध्ये खेळतं आणि खोली उबदार राहते. साधारण नोव्हेंबर ते मार्च ही सोय चालू असते. पण थंड हवेत बाष्प फार थोडं मावतं. तीच हवा आत येऊन तापली की कमालीची कोरडी होते. जन्मभर दमट हवेत वाढलेल्या मुलांचे ओठ फुटतात, घसा खवखवतो, नाकातून रक्त येतं. आई फोनवर ऐकून घाबरते. उपाय साधा आहे: गरम पट्टीवर ओला टॉवेल टाकावा, पाणी भरपूर प्यावं, अंगाला तेल लावावं. खोबरेल तेल मात्र चोवीस अंशांखाली गोठतं, तेव्हा बाटली त्या पट्टीजवळच ठेवावी लागेल.

ही व्यवस्था कधी बिघडतेही. २०१८ च्या जानेवारीत ऐन कडाक्यात या केंद्रात बिघाड झाला आणि बरीच घरं गारठली. २०२४ च्या फेब्रुवारीतही तिथे अपघात झाला. म्हणून एक जाड रजई जवळ असावीच.

खरा धोका वेगळा आहे. स्वस्तात मिळते म्हणून काही मुलं शहराच्या कडेला खोली घेतात. तिथे कोळशाची भट्टी असू शकते. बंद खोलीत कोळसा अपुरा जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. डोकं दुखतं, गुंगी येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. पालकांनी एवढा एक प्रश्न विचारलाच पाहिजे: खोली गरम कशाने होते? कोळसा असेल, तर भाडं थोडं जास्त द्या, पण जागा बदला.

याच कोळशामुळे हिवाळ्यात शहरावर धूर साचतो. जमिनीलगतची हवा थंड आणि जड, वरची उबदार. थंडीत सकाळी आपल्या चुलीचा धूर गावावरच रेंगाळतो, तसं तिथे दिवसचे दिवस होतं, आणि डोंगरांमुळे हवाही हलत नाही. दमा असलेल्या मुलांनी औषध आणि चांगला मास्क जवळ ठेवावा.

डिसेंबरात दिवस जेमतेम नऊ तासांचा असतो, आपल्यापेक्षा पावणेदोन तास लहान. वर्गात जाताना अंधूक, परतताना अंधार. ऊन कमी झालं की काहींची झोप बिघडते, मन खचतं. हे लाड नव्हेत. दुपारच्या उन्हात अर्धा तास चालणं हे यावरचं औषध आहे. बिश्केकचं घड्याळ आपल्या केवळ अर्धा तास पुढे आहे; तेव्हा रोज ठरल्या वेळी फोन करणं अवघड नाही. तेव्हा "मार्क किती?" याआधी "आज बाहेर पडलीस का?" हे विचारावं.

१८८३ मध्ये आनंदीबाई जोशी फिलाडेल्फियाला डॉक्टर व्हायला गेल्या. तिथली थंडी, परका आहार आणि अभ्यासाचा ताण त्यांनी सोसला, १८८६ मध्ये पदवी मिळवली, पण प्रकृती ढासळली ती कायमची. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्या पुण्यात गेल्या. त्या काळी सांगणारं कोणी नव्हतं. आज आहे.

आणि हा प्रश्न फक्त तब्येतीचा नाही. २०२१ च्या राष्ट्रीय नियमांनुसार परदेशातला अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, शिवाय तिथेच वर्षभराची इंटर्नशिप. परत आल्यावर पात्रता परीक्षा आहेच, आणि तिच्यात बहुतेक वेळा निम्म्याहून कमी मुलं उत्तीर्ण होतात. म्हणजे पाच-सहा हिवाळे तिथे काढायचे आहेत. दरवर्षी त्यातला महिना-दीड महिना आजारपणात गेला, तर नुकसान कर्ज काढणाऱ्या घराचं होतं.

होडी समुद्रात लोटण्याआधी आपण वारा पाहतो, डिझेल आणि बर्फ मोजतो. मुलांना डोंगराच्या गावी पाठवतानाही तेवढी तयारी करावी.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)