फवारणीच्या विषाचा हिशेब

2017 च्या खरिपात फवारणीच्या विषबाधेने यवतमाळात 20 हून अधिक बळी घेतले. अकोला-अमरावतीतही कास्तकार नि शेतमजूर दवाखान्यात पोचले. पऱ्हाटी (कपाशी) उंच वाढलेली, त्यामुळे फवारा थेट तोंडावर येई.

अशा रसायनांचा पुढचा प्रवास 'यूसेटॉक्स' हे संगणकीय प्रारूप मोजते. एक किलो कीटकनाशक हवा, पाणी, मातीत किती टिकेल, श्वासातून नि अन्नातून शरीरात किती जाईल, त्याने किती अपाय होईल, यांचा ते गुणाकार करते. 'ओपनएलसीए' या मोफत सॉफ्टवेअरमध्ये कारखान्यातल्या निर्मितीपासूनचा पर्यावरणावरचा भारही मांडता येतो.

मात्र हा हिशेब मुख्यतः सर्वसाधारण लोकसंख्येचा, दीर्घकाळाचा. पाठीवर पंप घेतलेल्या मजुराला त्याच दिवशी होणाऱ्या विषबाधेची जोखीम वेगळी मोजावी लागते, आणि वऱ्हाडात तीच आधी मोजायला हवी.