खासगी विमानांचे जग आणि प्रशिक्षणाचे मोल

सदाशिव पेठेतील अभ्यासिकांमध्ये सकाळी लवकर जागा धरणाऱ्या मुलांचे ध्येय बहुधा स्पर्धा परीक्षा हेच असते. अलीकडे मात्र टिळक रस्त्यालगतच्या घरांतून आणखी एक प्रश्न ऐकू येतो : ‘एव्हिएशन’ला घातले तर पुढे काय? हा प्रश्न विचारताना पालकांच्या डोळ्यांसमोर मोठी प्रवासी विमान कंपनी असते; तिचा वैमानिक, नाही तर हवाई सुंदरी. उद्योगसमूहांची स्वतःची विमाने, भाडेतत्त्वावर मिळणारी छोटी जेट विमाने आणि त्यांच्या परदेशी फेऱ्या सांभाळणारी माणसे यांचे, म्हणजेच ‘बिझनेस एव्हिएशन’चे, स्वतंत्र जग आहे, हे सहसा ठाऊक नसते. उद्योगनगरी म्हणविणाऱ्या पुण्याला तरी ते परके असू नये.

या जगाचा विशेष असा, की येथे माणसे थोडी आणि कामे तितकीच असतात. मोठ्या विमान कंपनीत हवामान पाहणारा वेगळा, इंधनाचा हिशेब करणारा वेगळा, परदेशी परवानग्या मिळविणारा वेगळा. एकाच्या हातून काही सुटले तर दुसऱ्याच्या नजरेस येते. दोन विमाने बाळगणाऱ्या कंपनीत हा सारा पसारा दोन वैमानिक, एक अभियंता आणि कार्यालयातील एखादा ऑपरेशन्स अधिकारी यांच्यावर येऊन पडतो. तेथे माणसाचे अज्ञान झाकून घेणारी यंत्रणाच नसते. त्याचे प्रशिक्षण हीच यंत्रणा.

समजा, पुण्यातील एखाद्या कारखानदाराला उद्या रात्री लंडनला निघावयाचे आहे. लोहगावचा विमानतळ हा मुळात हवाई दलाचा तळ. तेथील हवाई वाहतुकीचे नियंत्रणही हवाई दलाकडे. त्यामुळे नागरी विमानाच्या वेळा तळाच्या वेळापत्रकात बसवून घ्याव्या लागतात. पुढे ज्या ज्या देशाच्या आकाशातून जावयाचे, त्याची परवानगी हवी. लंडनच्या विमानतळावर उतरण्याची वेळ राखून ठेवावी लागते. सीमाशुल्क, इमिग्रेशन, इंधन, विमान उभे करण्याची जागा, वैमानिकांच्या विश्रांतीचे तास, हे सारे त्यानंतर. यातील एक कागद चुकला तर काही कोटींचे विमान परक्या धावपट्टीच्या कडेला तिष्ठत राहते.

शिवाय ही माहिती एकदा पाठ करून संपत नाही. २०२१ च्या ऑक्टोबरमध्ये १६ ते २९ तारखेपर्यंत लोहगावची धावपट्टी दुरुस्तीसाठी पूर्ण बंद होती. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना आपले आकाश बंद केले आणि वर्षानुवर्षे वापरात असलेले मार्ग एका दिवसात बाद झाले. अशा सूचना वैमानिकांसाठी काढल्या जाणाऱ्या ‘नोटॅम’मधून येतात. त्यांची भाषा संक्षेपांनी भरलेली, कित्येकदा संदिग्ध. ती वाचता येणे हे एक कौशल्य आहे आणि ते शिकवावेच लागते.

सप्टेंबर २०२३ मध्ये युरोपातून दुबईकडे निघालेल्या एका ‘एम्ब्रेअर लेगसी ६५०’ या बिझनेस जेटला बगदादच्या हवाई क्षेत्रात उपग्रहाचे बनावट संकेत मिळू लागले. विमानाची दिशादर्शक यंत्रणा फसली आणि परवानगीविना इराणच्या हद्दीत शिरण्याच्या बेतात ते पोहोचले. त्या वर्षीच्या नोव्हेंबरात आपल्या नागरी हवाई वाहतूक महासंचालनालयानेही (डीजीसीए) या धोक्याविषयी परिपत्रक काढले. पडद्यावर दिसणारे स्थान खोटे असू शकते, हा संशय वेळेवर यावा लागतो. आणि तो आला तर पुढे काय करावयाचे हे आधी गिरवलेले असावे लागते.

याहून नाजूक बाब मालकाची. प्रवासी विमानात प्रवासी कितीही मोठा असला तरी कप्तानाला हुकूम सोडू शकत नाही. खासगी विमानात पगार देणारे ‘साहेब’ किंवा पैसे मोजणारे ग्राहक चार हात मागे बसलेले असतात. २९ मार्च २००१ रोजी अमेरिकेतील अ‍ॅस्पेन येथे भाड्याने घेतलेले एक गल्फस्ट्रीम-३ विमान अंधार पडल्यावर, खराब हवेत, डोंगरांच्या कुशीतील विमानतळावर उतरण्याच्या प्रयत्नात कोसळले आणि त्यातील १८ जण दगावले. विमान दुसरीकडे वळविण्याची कल्पना ग्राहकाला मुळीच रुचली नव्हती. चौकशी अहवालात मुख्य दोष वैमानिकांचा ठरला, तरी ग्राहकाकडून कप्तानावर आलेल्या दडपणाची नोंद त्यात आहे. रात्रीच्या वेळी तेथे काय वर्ज्य आहे हे सांगणारा ‘नोटॅम’ही पुरेसा स्पष्ट नव्हता. वडीलधाऱ्यांपुढे आणि वरिष्ठांपुढे ‘नाही’ म्हणू नये, या संस्कारात वाढलेल्या आपल्या मुलांना तर नम्रपणे, पण ठाम नकार देणे मुद्दाम शिकवावे लागेल, असे प्रस्तुत लेखकास वाटते. वैमानिकांच्या अभ्यासक्रमात या विषयाला ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ असे भारदस्त नाव आहे.

अशा प्रशिक्षणाचा उगमही खासगी विमानातच झाला, ही गंमतच. अल्बर्ट उएल्ट्शी हे ‘पॅन अमेरिकन’ कंपनीचे प्रमुख ह्वान ट्रिप यांचे खासगी वैमानिक. महायुद्धानंतर लष्करी विमानांत फेरफार करून ती उद्योगपतींसाठी वापरली जात. पण ती चालविणाऱ्यांना त्या विशिष्ट विमानाचे पद्धतशीर शिक्षण मिळतच नसे. हे पाहून उएल्ट्शी यांनी १९५१ मध्ये न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर ‘फ्लाइटसेफ्टी’ ही संस्था काढली. आज बिझनेस जेटच्या वैमानिकाने ठरावीक काळाने सिम्युलेटरमध्ये बसून इंजिन बंद पडण्यापासून धुरापर्यंतची संकटे पुनःपुन्हा अनुभवावीत, हा जगभरचा प्रघात झाला आहे.

पुढे २००२ मध्ये आंतरराष्ट्रीय बिझनेस एव्हिएशन परिषदेने ‘आयएस-बीएओ’ हे मानक तयार केले. ते ऐच्छिक आहे. कंपनीची कार्यपद्धती, प्रशिक्षणाच्या नोंदी, सुरक्षाव्यवस्था यांची बाहेरच्या लेखापरीक्षकाकडून तपासणी होते आणि टप्प्याटप्प्याने प्रमाणपत्र मिळते. चांगली गोष्ट आहे. परंतु प्रमाणपत्र म्हणजे प्रशिक्षण नव्हे, हे दाखविणारी एक दुर्घटना विसरता येत नाही.

३१ मे २०१४ च्या रात्री मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड येथून निघालेले गल्फस्ट्रीम-४ विमान धावपट्टीवरून उठलेच नाही. धावपट्टी संपवून पुढे गेले आणि पेटले. सातही जण मरण पावले. विमान उभे असताना वाऱ्याने हलू नयेत म्हणून सुकाणूचे भाग एका खटक्याने जखडून ठेवतात. तो खटका काढावयाचा राहिला होता. दोन्ही वैमानिक अनुभवी, वर्षानुवर्षे एकत्र उडणारे. कंपनीकडे ‘आयएस-बीएओ’ची नोंदणीही होती. तपासात आधीच्या १७५ उड्डाणांच्या नोंदी पाहिल्या, तेव्हा सुकाणूची संपूर्ण तपासणी केवळ दोनदा झाल्याचे आढळले. ही एका कंपनीचीच खोड होती असेही नाही. अमेरिकेतील बिझनेस एव्हिएशन संघटनेने २०१६ मध्ये सुमारे १ लाख ४४ हजार उड्डाणांच्या नोंदी तपासल्या. जवळपास १८ टक्के उड्डाणांत ही तपासणी अर्धवट झाली होती किंवा झालीच नव्हती. काही सेकंदांचे काम! ते ठाऊक नव्हते असा एकही वैमानिक त्यांत नसेल. प्रशिक्षणाचे मोल माहितीत कमी आणि कोणी पाहत नसतानाही टिकणाऱ्या सवयीत अधिक आहे, ते असे.

म्हणूनच पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी थोडे खोलात शिरावे. भारतात व्यावसायिक वैमानिकाचा परवाना डीजीसीए देते आणि त्यासाठी किमान २०० तासांचे उड्डाण आवश्यक आहे. विमान देखभाल अभियंत्याचा परवानाही डीजीसीएचाच. खासगी संस्थेची पदविका, तिच्या नावात ‘इंटरनॅशनल’ असो वा नसो, हा परवाना नव्हे. ऑपरेशन्स किंवा हँडलिंगच्या कामात अशा पदविकेचा उपयोग होऊ शकतो. मात्र शिकविणाऱ्याने स्वतः एखादे परदेशी उड्डाण आखले आहे का, खऱ्या ‘नोटॅम’वर आणि खऱ्या उड्डाण आराखड्यावर मुलांकडून काम करवून घेतले जाते का, हे विचारण्यात संकोच कसला? लाखांच्या घरात पैसे मोजताना हे प्रश्न विचारलेच पाहिजेत.

मराठी माध्यमातील मुलांना धास्ती वाटते ती इंग्रजीची. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणातील चरखी दादरीच्या आकाशात दोन परदेशी विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा बळी गेला. त्यातील कझाक विमानाच्या वैमानिकांचे इंग्रजी अपुरे पडल्याचा मुद्दा चौकशीत पुढे आला. त्यानंतरच्या काळात आंतरराष्ट्रीय नागरी हवाई वाहतूक संघटनेने भाषेच्या सहा पातळ्या ठरविल्या आणि आंतरराष्ट्रीय उड्डाणासाठी किमान चौथी पातळी अनिवार्य केली. २००८ पासून तो नियम लागू झाला. या परीक्षेत वाङ्मयीन इंग्रजी किंवा परदेशी ढब कोणी मागत नाही. उच्चार समजण्याजोगा असावा, ठरीव शब्द चोख यावेत आणि अनपेक्षित प्रसंगी साध्या वाक्यांत अडचण सांगता यावी, एवढीच अपेक्षा असते. चौथी पातळी मिळालेल्या वैमानिकाची साधारणपणे दर तीन वर्षांनी आणि पाचवी मिळालेल्याची सहा वर्षांनी फेरपरीक्षा होते. सहावी मिळविणाऱ्याला पुन्हा परीक्षेस बसावे लागत नाही.