ओबोवाल्याच्या हाती झांजा

माझा मुलगा ओबो वाजवतो. फक्त ऑगस्ट ते नोव्हेंबर वाजवत नाही. त्या चार महिन्यांत त्याच्या हातात झांजा असतात.

आम्ही टेक्सासमध्ये, डॅलसच्या उपनगरात राहतो. इथल्या हायस्कुलात संगीतासाठी 'बँड' घेतला, की वर्षाचा पूर्वार्ध कवायतीचा, म्हणजे मार्चिंग बँडचा, आणि उत्तरार्ध बसून वाजवायच्या कॉन्सर्ट बँडचा. अनेक शाळांत यातलं एकच घेता येत नाही. ओबो हे सनईच्या कुळातलं, लाकडी वाद्य. ऊन-थंडीत त्याला तडा जातो, आणि दुहेरी पत्ती ओठांत धरून धावताना ठेच लागली तर तोंडाला इजा व्हायची. म्हणून कवायतीपुरत्या ओबोवाल्यांना आणि 'बसून' या वाद्यवाल्यांना झांजा किंवा मरिंबा, फ्रेंच हॉर्नवाल्यांना मेलोफोन. तंतुवाद्यांच्या ऑर्केस्ट्राला यातलं काहीच नाही. आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी हे हेरून मुलीला सहावीतच व्हायोलिन घ्यायला लावलं.

कवायतीची ही प्रथा फौजी बँडमधून आली आणि अमेरिकन फुटबॉलच्या मैदानावर रुजली. १९०७ साली पर्ड्यू विद्यापीठाच्या बँडने मैदानावर 'पी' हे अक्षर साकारलं, आणि वाजवता वाजवता चित्रं उभी करायची चाल पडली. आज प्रत्येक मुलाला प्रत्येक चित्रातली आपली जागा पाठ असावी लागते. तिला 'डॉट' म्हणतात. पाच यार्डांत आठ पावलं, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचं, हे नेहमीचं माप.

यातली खरी गंमत मला बाकड्यावर बसून बघतानाच उमगली. मैदानाच्या दोन टोकांच्या वादकांत साठ मीटर अंतर पडलं, तर आवाज पोचायला सेकंदाचा सुमारे सहावा भाग लागतो. मिनिटाला १६० ठोक्यांच्या लयीत तो जवळजवळ अर्धा ठोका झाला. दुसऱ्या टोकाचं ऐकून वाजवाल तर हमखास मागे पडाल. म्हणून मुलांना सांगतात, लांबचं ऐकू नका, समोरून ताल देणाऱ्या ड्रम मेजरचे हात बघा. कॉन्सर्ट बँडमध्ये मात्र हेच शिक्षक दुसऱ्याचं ऐका म्हणून कंठशोष करतात! दोन्ही शिकवणी आपापल्या जागी बरोबर. पण या दोन निराळ्या कला आहेत, आणि एकीच्या प्रवेशासाठी दुसरीचं तिकीट लावणं मला पटत नाही.

बँडच्या डायरेक्टर मंडळींचं म्हणणं असं, की एक मूल गळलं तर चित्रात भगदाड पडतं. मर्जीवर सोडलं तर बँड उभाच राहणार नाही. पण टेक्सासमध्ये १९८४ पासून कायदाच आहे की एखाद्या विषयात सत्तरच्या खाली गुण गेले तर स्पर्धेत उतरता येत नाही. म्हणजे भगदाडं दर मोसमात पडतात आणि डायरेक्टर ती बुजवतातही. मग स्वतःहून नको म्हणणाऱ्या मुलाचंच भगदाड एवढं मोठं कसं?

कवायतीचे फायदे मी नाकारत नाही. शारीरिक शिक्षणाचं क्रेडिट त्यातून मिळतं, सगळं पाठ करून वाजवायची सवय लागते, आणि नववीतल्या बुजऱ्या पोराला पहिल्याच आठवड्यात चाळीस मित्र मिळतात. माझ्या चिरंजीवांना विचाराल तर "आई, बसमधली धमाल तुला नाही कळणार" हेच उत्तर येईल. पण शाळेबाहेरच्या सरावाला आठवड्याला आठ तासांची मर्यादा असूनही शुक्रवारचा फुटबॉल सामना आटोपून तो घरी येतो तेव्हा साडेअकरा वाजलेले असतात. शनिवारी बँडची स्पर्धा. ओबोची पेटी रविवारी उघडली तर उघडली. ओबोसाठी लागणारी ओठांची ताकद रोजच्या वाजवण्यातूनच येते, आणि ती डिसेंबरात पुन्हा पहिल्यापासून कमवावी लागते.

माझं मत सरळ आहे. पहिलं वर्ष सगळ्यांना करू द्या, कारण न चाखता नको म्हणण्यात अर्थ नाही. दहावीपासून मुलाला ठरवू द्या, आणि कॉन्सर्ट बँडमधली जागा कवायतीला बांधू नका. ओबो-बसूनवाल्यांना तर पहिल्या वर्षाचीही सक्ती नको.

तोवर इथल्या आठवीच्या पालकांनो, विषय-निवडीच्या अर्जावर सही करण्याआधी डायरेक्टरांना एवढं विचाराच: मार्चिंगशिवाय कॉन्सर्ट बँड मिळतो का? उत्तर शाळेगणिक बदलतं. आमच्या अर्जावर ते छापलेलं नव्हतं.