विषबाधेचा रुग्ण आणि शिकाऊ डॉक्टर

सन २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात पिकांवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. अशा रुग्णाला रुग्णालयात प्रथम हात लावणारा पुष्कळदा आंतरवासिता करणारा तरुण डॉक्टर असतो. आपत्कालीन वैद्यकशास्त्र हा स्वतंत्र पदव्युत्तर विषय म्हणून आपल्या देशात मान्य झाला तोही २००९ मध्ये, म्हणजे बऱ्याच उशिरा.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातील कीटकनाशक अंगात भिनले की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, लाळ गळते आणि फुप्फुसांत स्राव साचून रुग्ण आतल्या आत बुडू लागतो. श्वासमार्ग मोकळा करणे, प्राणवायू देणे व विनाविलंब ॲट्रोपीन टोचणे हे उपचार विद्यार्थ्यांना पाठ असतात. कस लागतो तो पुढेच. पहिली मात्रा दोन-तीन मिलिग्रॅमची. दर पाच मिनिटांनी छाती ऐकावयाची आणि घरघर कायम असल्यास मात्रा दुप्पट करावयाची. नवशिक्याचे लक्ष मात्र बाहुल्यांकडे असते. त्या मोठ्या झाल्या की तो हात आखडता घेतो, आणि फुप्फुसे ओलीच राहतात! खाटेशेजारच्या सोनोग्राफीत अशा फुप्फुसावर उभ्या पांढऱ्या रेषा दिसतात. तथापि स्टेथॉस्कोप, नाडी व रक्तदाब यांची जागा ते यंत्र घेऊ शकत नाही. उलटपक्षी, रुग्ण बरळू लागला, अंग तापले, तर औषध अधिक झाले असे समजावे.

गावकऱ्यांनी रुग्णाचे कपडे उतरवून अंग साबणपाण्याने धुवावे व कीटकनाशकाचा डबा सोबत न्यावा. प्रत्येक विषावर ॲट्रोपीन चालत नाही.