मंडईतील हापूस आणि सिंधुदुर्गाची वाट

एप्रिल-मे महिन्यांत पुण्याच्या महात्मा फुले मंडई परिसरात आंब्याच्या पेट्यांची रास लागते. त्यांतील अनेक पेट्यांवर ‘देवगड’ हे एकच नाव ठळकपणे छापलेले असते. ते वाचून आपण भाव विचारतो, पेटी घेतो आणि घरी येतो. पण ज्या भूमीचे ते नाव आहे, ती पाहण्याचा विचार क्वचितच मनात येतो. हा सिंधुदुर्ग जिल्हा आपल्याला परका नाही. मंडईची इमारत १८८६ साली खुली झाली. त्याच वर्षी पुणे धर्मप्रांताची स्थापना झाली, आणि पुढे २००५ पर्यंत सिंधुदुर्गातील भाविक याच धर्मप्रांताचे होते. म्हणून सुटीत तेथे जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी ही थोडी माहिती.

घाटमाथ्यावरून खाली

१ मे १९८१ रोजी रत्नागिरी जिल्ह्याचे विभाजन होऊन सिंधुदुर्ग जिल्हा अस्तित्वात आला. त्यात आठ तालुके आहेत. पूर्वेला सह्याद्री, पश्चिमेला अरबी समुद्र आणि मध्ये जांभ्या दगडाचे सडे, भातखाचरे व बागायती अशी त्याची रचना आहे. पुण्याहून कोल्हापूरमार्गे गेल्यास गगनबावडा, फोंडा किंवा आंबोली यांपैकी एका घाटाने खाली उतरता येते. आंबोलीचा रस्ता लांबचा, परंतु सर्वांत रम्य. तेथेच हिरण्यकेशी नदी उगम पावते. त्या उगमात आढळलेल्या एका लहानशा माशाच्या प्रजातीमुळे ते ठिकाण २०२१ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले.

सावंतवाडी

घाट उतरल्यावर सावंतवाडी लागते. मोती तलाव, राजवाडा, लाकडी खेळणी आणि हाताने रंगविलेले गोल गंजिफाचे पत्ते ही या जुन्या संस्थानी गावाची ओळख. कॅथलिक प्रवाशाने येथे मिलाग्रीस मातेच्या मंदिरात अवश्य जावे. ‘मिलाग्रीस’ हा चमत्कार या अर्थाचा पोर्तुगीज शब्द. ५ जुलै २००५ रोजी पुणे धर्मप्रांतातून सिंधुदुर्ग धर्मप्रांत वेगळा झाला, तेव्हा हे मंदिर त्याचे कॅथेड्रल बनले. येथील अनेक कुटुंबांची मुळे शेजारच्या गोव्यात असून त्यांच्या घरांत कोकणी, तर व्यवहारात मराठी व मालवणी सहजपणे नांदतात.

किनारा

वेंगुर्ल्यात सतराव्या शतकातील डच वखारीचे अवशेष आहेत. मालवणसमोरच्या बेटावर शिवाजी महाराजांनी १६६४ ते १६६७ या काळात सिंधुदुर्ग किल्ला बांधून घेतला. जिल्ह्याचे नाव त्यावरूनच पडले. किल्ल्यावर होडीने जावे लागते व पावसाळ्यात ही वाहतूक बंद असते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते, कारण तो माशांच्या प्रजननाचा काळ आहे. तेव्हा ताज्या मासळीच्या ओढीने जाणाऱ्यांनी ऑक्टोबर ते मे हा काळ निवडावा. किनाऱ्यावर पहाटे रापण ओढली जात असेल, तर ती जरूर पाहावी. दोन बाजूंनी दोर धरून सारा गट जाळे ओढतो, आणि मिळालेली मासळी त्यांच्यात वाटली जाते.

नाव दूरचे, फळ इथले

‘हापूस’ हा शब्द अफोन्सो या पोर्तुगीज नावावरून आला, आणि काजूचे झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणले. दक्षिण युरोपातून आलेले हे नाव आणि सातासमुद्रापारचे हे झाड, दोन्ही येथील जांभ्या मातीत रुजली ती शेतकऱ्यांच्या कष्टांमुळे. वेंगुर्ल्याच्या काजूला आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकन आहे. हापूसला ते २०१८ साली मिळाले व कोकणातील पाच जिल्ह्यांपुरते मर्यादित आहे. तरीही दिसायला तसाच, पण अन्यत्र पिकलेला आंबा ‘देवगड’ म्हणून विकला जातो. यात ग्राहक फसतो आणि बागायतदाराचा भाव पडतो. बाग स्वतः पाहून, बागायतदाराशी ओळख करून आंबा मागविणे हा त्यावरील साधा उपाय आहे.

पाहुणा म्हणून जावे

२००१ साली जिल्ह्याची लोकसंख्या ८,६८,८२५ होती. २०११ मध्ये ती ८,४९,६५१ झाली. राज्याची लोकसंख्या वाढत असताना येथील घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे १,०३६ स्त्रिया होत्या. रोजगारासाठी मुंबईला किंवा परदेशी गेलेल्यांची ही खूण आहे. गणपतीला, नाताळाला वा गावच्या सणाला घर उघडते आणि पुन्हा कुलूप लागते.

अशा गावात आपण कसे जातो, याला म्हणूनच महत्त्व आहे. किनाऱ्यावर एक दिवस घालवून कचरा मागे ठेवणारा प्रवासी गावाला काहीच देत नाही. गावातील घरगुती निवासात राहावे, तेथील गृहिणीच्या हातचे आंबोळी-सांबारे व सोलकढी घ्यावी, कोकम-काजू गावातच विकत घ्यावेत. रविवार असेल तर स्थानिक धर्मग्रामातील मिस्साबलिदानात सहभागी व्हावे आणि नंतर अंगणात थांबून चार शब्द बोलावेत. आपल्या या खर्चातून एखाद्या तरुणाला गावातच काम मिळते, आणि एखाद्या घराचे दार वर्षभर उघडे राहू शकते.