फाइलवरचं 'एमआय' म्हणजे काय?
डिस्चार्ज कार्डावर 'अ‍ॅक्यूट एमआय' दिसलं की घरचे गोंधळतात. मायोकार्डियल इन्फार्क्शन, म्हणजे हार्ट अटॅकच. मायोकार्डियम हा हृदयाचा स्नायू. रक्त न मिळाल्याने त्याच्या पेशी मरणं म्हणजे इन्फार्क्शन. सोबत 'स्टेमी' असेल तर ईसीजीतला एसटी भाग वर उचललेला असतो. बहुधा धमनी पूर्ण बंद, म्हणून अँजिओप्लास्टीची घाई. 'एनस्टेमी'त तसं दिसत नाही, पण रक्तातलं ट्रोपोनिन वाढतं. त्यामुळे एक ईसीजी नॉर्मल आला म्हणून निर्धास्त राहू नका, मधुमेह असेल तर मुळीच नाही. मधुमेहींना छातीत न दुखताही एमआय होऊ शकतो.

आणि कृपया याला 'कार्डियाक अरेस्ट' म्हणू नका! अरेस्टमध्ये हृदयाचं पंपिंगच थांबतं, माणूस कोसळतो, तत्क्षणी सीपीआर लागतो. एमआयचा रुग्ण मात्र बोलत-चालत असू शकतो. छाती दाटली, दरदरून घाम फुटला, की 108 ला फोन करा.