धम्मयात्रा आणि प्रवेशाची कागदपत्रे

तळोदा परिसरातील उपासक-उपासिकांनी धम्मयात्रेस निघण्यापूर्वी एक भेद ध्यानी घ्यावा. तथागतांचे जन्मस्थान लुंबिनी नेपाळमध्ये असून तेथे जाण्यास भारतीय नागरिकास व्हिसा लागत नाही. मात्र पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र मूळ स्वरूपात जवळ हवे. १५ ते ६५ वयोगटातील यात्रिकांचे आधार कार्ड त्यासाठी ग्राह्य नाही. १९५० साली बाबासाहेब बौद्ध परिषदेनिमित्त ज्या श्रीलंकेस गेले, तेथील नियम निराळा आहे. अनुराधपूरच्या बोधिवृक्षाचे दर्शन घेण्यासाठी किमान सहा महिने मुदत उरलेला पासपोर्ट, परतीचे तिकीट व प्रवास-अनुमती आवश्यक आहे. अर्जातील नाव पासपोर्टप्रमाणे अक्षरशः जुळावे. अनुमती मिळाली तरी प्रवेशाचा अंतिम निर्णय तेथील अधिकाऱ्याचा असतो. म्हणून अर्ज मध्यस्थाने भरला तरी तो स्वतः वाचून तपासावा; आयुष्यभराच्या बचतीतून घडणारी यात्रा एका अक्षरापायी अडू नये.